मंडालेहून परत आलेले टिळक मवाळ झाले होते का?

रानवाटा
मंडळी, १ ऑगस्टच्या निमित्ताने भाच्याला शाळेत तीन मिनिटांचं भाषण करायचंय. त्याने पाठ केलेलं ऐकलं. शेंगांची टरफलं, मग संत हा शब्द तीन तऱ्हेने लिहिला, मग गणपती, मग "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय", मग मंडाले, गीतारहस्य आणि लगेच "१ ऑगस्ट १९२० रोजी हा सिंह निमाला". मी म्हटलं अरे १९१४ ला सुटले ना ते, मधली सहा वर्षं काय करत होते? तो म्हणाला मामा, तेवढं तीन मिनिटांत बसत नाही.

पण मग मलाच प्रश्न पडला. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यातले टिळक १९०८ लाच थांबतात. आणि नंतरचे जे थोडंफार वाचलं त्यात मला वेगळाच माणूस दिसतो. जूनमध्ये सुटतात आणि ऑगस्ट १९१४ मध्ये, म्हणजे महायुद्ध सुरू झाल्या झाल्या, जाहीर पत्रक काढतात की आम्हाला राज्यकारभारात सुधारणा हवीये, सरकार उलथवायचं नाही, युद्धात सरकारला मदत करा. १९१६ मध्ये लखनौला मवाळांच्या शेजारी बसतात. १९१९ ला अमृतसरला सुधारणा कायदा राबवून बघू म्हणतात. ज्या माणसाने १९०७ ला सुरतेत काँग्रेस फुटू दिली तोच हा. तर माझं मत असं की सहा वर्षांच्या एकांताने, मधुमेहाने आणि वयाने टिळक मवाळ झाले होते, आणि आपण ते कबूल करत नाही कारण सिंहाची प्रतिमा बिघडते. चूक असेल तर सांगा.

मिसळकट
आधी जागा पकडतो. धागा पेटणार.

तर्कटकाका
मवाळ?? रानवाटा, तुम्ही एका पत्रकावरून निकाल लावताय. त्याच पत्रकात आयर्लंडच्या होमरूलवाल्यांचा दाखला आहे तो का गाळलात? आयरिश लोक ब्रिटिशांच्या नाकात दम आणत होते तेव्हा. "आम्ही तेच करतोय जे आयर्लंडमध्ये चाललंय" हे राजनिष्ठेचं वाक्य वाटतं तुम्हाला?

शमिता_जो
सुरतेत "फुटू दिली" की "फोडली" यावर आधीच दोन धागे बंद पडलेत, तिकडे जाऊ नका प्लीज. त्या अधिवेशनात जोडा कुणी फेकला हेही नको.

मिसळकट
जोडा पुणेरी होता एवढं नक्की. फिरोजशहा मेहतांना आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींना दोघांनाही लागला म्हणतात, एका जोड्यात दोन पुढारी, काटकसर बघा.

शमिता_जो
हे बघा. म्हटलं होतं ना.

दिवाणी_दावा
मी वकील आहे म्हणून मला हे सगळं कलमाच्या बाजूने दिसतं, त्यामुळे जरा लांबण लागेल, माफ करा.

टिळकांवर राजद्रोहाचा खटला दोनदा उभा राहून शिक्षा झाली. पहिला १८९७ चा. रँडच्या खुनानंतर केसरीतल्या मजकुरावरून. न्यायमूर्ती स्ट्रॅची. ज्युरीत ९ जण, ६ युरोपियन दोषी म्हणाले, ३ हिंदी निर्दोष म्हणाले, शिक्षा १८ महिने. यात स्ट्रॅचीने तेव्हाच्या राजद्रोहाच्या कलमातल्या, १२४अ मधल्या "अप्रीती" या शब्दाचा अर्थ लावला तो असा की सरकारविषयी प्रीती नसणं म्हणजेच अप्रीती. म्हणजे मला सरकारवर प्रेम नाही एवढं म्हटलं तरी तुरुंग! दुसरा १९०८ चा. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर केसरीत जे अग्रलेख आले, "देशाचे दुर्दैव" आणि "हे उपाय टिकाऊ नाहीत", त्यावरून. यात टिळक स्वतः बोलले, २१ तासांहून जास्त, कित्येक दिवसांत पसरलेलं ते भाषण. ज्युरी ७ विरुद्ध २. सहा वर्षं काळं पाणी आणि १००० रुपये दंड.

आता गंमत बघा. १९०८ च्या भाषणाचा मोठा भाग कशावर आहे? भाषांतरावर. लेख मराठीत, ज्युरीतल्या बहुतेकांना मराठीचा गंध नाही, त्यांच्यापुढे सरकारी भाषांतरकाराने केलेलं इंग्रजी. टिळक एकेक शब्द धरून सांगतायत की "माथेफिरू" म्हणजे हे नव्हे, "आततायी" म्हणजे ते नव्हे. एका शब्दाच्या छटेवर सहा वर्षं टांगलेली. असा माणूस मंडालेत सहा वर्षं बसतो तेव्हा तो काय विचार करत असेल? गीतेचा करत होताच, पण मला खात्री आहे की कुठलं वाक्य केवढ्याला पडतं याचाही करत होता. १९१४ नंतरचे टिळक मवाळ नाहीत, ते कायदा पचवलेले टिळक आहेत. पुढचं रात्री लिहितो, कोर्टात जायचंय.

ओसरी
दिवाणी काका पुढचं लिहाच. तोवर एक शंका, जिना होते ना टिळकांचे वकील? मग ते खटला हरले कसे?

जुनी_वही
ओसरी, दोन वेगळे प्रसंग आहेत, फॉरवर्डमध्ये नेहमी एकत्र होतात. १९०८ ला जिनांनी फक्त जामिनाचा अर्ज चालवला, तो न्या. दावर यांनी फेटाळला, आणि खटला टिळकांनी स्वतः लढवला. गंमत (की काय म्हणायचं) अशी की हेच दावर १८९७ ला बॅरिस्टर असताना टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते आणि तो मिळवलाही होता. जिना जिंकले ते १९१६ ला, ते वेगळं प्रकरण.

मिसळकट
म्हणजे आपला जुना वकीलच जज्ज. आमच्या जमिनीच्या केसमध्ये असं झालं असतं तर आम्ही पेढे वाटले असते आणि मग तोंडावर पडलो असतो.

निळाई
सगळं ठीक आहे पण "मवाळ की जहाल" हा प्रश्न फक्त इंग्रजांपुरताच विचारायचा का? घरच्या लोकांशी ते केव्हा जहाल होते आणि केव्हा मवाळ? १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध केला, मुलींच्या शाळेत काय शिकवावं यावर केसरीने काय काय छापलं, वेदोक्त प्रकरणात शाहू महाराजांच्या विरुद्ध उभे राहिले. आणि तुमची ती १९१४ ते २० सहा वर्षंच घ्या. नोव्हेंबर १९१७ ला अथणीला जे बोलले ते वाचा, ब्राह्मणेतरांनी कौन्सिलात जाऊन काय करायचंय अशा अर्थाचं. तेली, तांबोळी, कुणबी ही नावं घेऊन. ज्यांना "तेल्यातांबोळ्यांचे पुढारी" म्हणून हिणवलं गेलं, तेच.

मग मार्च १९१८. मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद, विठ्ठल रामजी शिंद्यांनी भरवलेली, सयाजीराव गायकवाड अध्यक्ष. टिळक व्यासपीठावर जाऊन म्हणाले की देव अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देवच मानणार नाही. टाळ्या. आणि मग जाहीरनामा आला, त्यात "मी स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही" अशी वैयक्तिक प्रतिज्ञा होती, त्यावर सही केली नाही. हे पण तीन मिनिटांत बसत नाही का?

तर्कटकाका
आला हा मुद्दा. मला वाटलंच होतं दहाव्या प्रतिसादापर्यंत येईल, बरोबर दहाव्यालाच आला. निळाई, त्या काळाच्या चौकटीत बघा ना. राजकीय हक्क आधी की समाजसुधारणा आधी हा वाद होता, त्यांचं मत राजकीय आधी.

निळाई
काका, त्या काळाच्याच चौकटीत आगरकर होते, रानडे होते, फुले त्याहून आधीचे, शिंदे तर समोर कागद घेऊन उभे. चौकट सगळ्यांना एकच होती.

ओसरी
निळाईला +१. तरी १९१८ ला ते वाक्य त्या माणसाने बोलणं हेही काहीतरी आहेच, १८९१ च्या टिळकांनी बोललं नसतं. सही न करणं हेही तेवढंच खरं. दोन्ही त्यांचंच.

घाटमाथा
अवांतर: टिळकांचं घर कशावर चालायचं हे कुणी सांगेल का? आम्हाला शाळेत कधी सांगितलं नाही. राष्ट्रीय पुढारी म्हटलं की पोटापाण्याचं काय हा प्रश्न विचारणं पाप असतं बहुतेक.

जुनी_वही
घाटमाथा, मस्त प्रश्न. क्रम असा: १८७७ ला डेक्कन कॉलेजातून बीए, गणित घेऊन, मग १८७९ ला एलएलबी. सरकारी नोकरी करायची नाही हे आधीच ठरलेलं. जानेवारी १८८० ला चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल, नाममात्र पगार. पुढच्या जानेवारीत केसरी आणि मराठा. केसरीचे पहिले संपादक आगरकर, टिळक मराठा बघायचे. १८८२ ला कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघे डोंगरीच्या तुरुंगात, १०१ दिवस. मग डेक्कन एज्युकेशन सोसायटी, फर्ग्युसन कॉलेज. १८९० ला तिथून राजीनामा, कारण आजीव सदस्यांनी बाहेरची कामं आणि मिळकत करावी की नाही यावरून भांडण. टिळकांचं म्हणणं करू नये. म्हणजे तत्त्वासाठी नोकरी सोडली आणि मग पोटासाठी बाहेरचीच कामं करावी लागली :)

त्यानंतर केसरी आणि मराठा कर्जासकट अंगावर घेतले. केसरी तेव्हा पोसणारा नव्हता, पोसावा लागणारा होता. मग वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी लॉ क्लास काढला, आणि लातूरला, तेव्हा निजामाच्या मुलखात, भागीदारीत जिनिंगचा कारखाना टाकला. कापसाची गिरणी चालवणारे टिळक हे चित्र कुठल्याच कॅलेंडरवर नाही.

मिसळकट
लॉ क्लास! म्हणजे लोकमान्य क्लासवाले सर होते. बॅच सकाळची की संध्याकाळची?

शमिता_जो
फी भरली नाही तर टरफलं उचलायला लावत असतील.

दिवाणी_दावा
आलो. तर पुढे.

१९१६. एप्रिलच्या शेवटी बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली, जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस. टिळक स्वतः पदाधिकारी नाहीत हे लक्षात घ्या. मग बेळगाव आणि नगरला भाषणं. यात काय केलं त्यांनी? सरकारचे दोन तुकडे केले. एक बादशहा, तो लांब, दिसत नाही, त्याच्याविषयी आमची तक्रार नाही. दुसरी इथली नोकरशाही, कलेक्टर, मामलेदार, गव्हर्नर, तक्रार आहे ती यांच्याविषयी. दाखला दिला देवाचा आणि पुजाऱ्याचा. देव तोच ठेवा, पुजारी बदला. आता हे खेड्यातल्या माणसाला पटकन कळतं कारण देवस्थानातल्या पुजाऱ्यांनी त्याला कधी ना कधी लुबाडलेलं असतं. आणि त्याच वेळी हे १२४अ च्या बरोबर बाहेर बसतं, कारण कलमात म्हटलंय कायद्याने स्थापन झालेलं सरकार, आणि हे म्हणतायत सरकारला कोण हात लावतंय, आम्ही फक्त नोकर बदला म्हणतोय.

२३ जुलै १९१६, त्यांची साठी. पुण्यात समारंभ, लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली (ती त्यांनी राष्ट्रकार्यालाच देऊन टाकली), आणि त्याच दिवशी सरकारने वाढदिवसाची भेट म्हणून नोटीस बजावली. वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा जामीन, २०,००० चा स्वतःचा जातमुचलका आणि १०,००० चे दोन जामीनदार. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने हुकूम कायम केला. मग हायकोर्टात जिना उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी हुकूम रद्द केला. म्हणजे स्वराज्य मागणं हा राजद्रोह नाही हे टिळकांनी त्यांच्याच कोर्टाकडून वदवून घेतलं. मग ही भाषणं गावोगाव करायला कार्यकर्ते मोकळे. मवाळ माणसाने हे केलं असतं? मवाळ माणूस अर्ज करतो. हे अर्ज करत नव्हते, कुंपण कुठे आहे ते हाताने चाचपून त्याला लागून नांगर धरत होते.

एक वैयक्तिक. मी ज्युनियर असताना पहिल्यांदा मुंबई हायकोर्टात त्या कोर्टरूमबाहेरची पाटी वाचली, १९०८ चं टिळकांचं वाक्य कोरलेली, ज्युरीने काही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, जगाचं नियमन करणाऱ्या याहून श्रेष्ठ शक्ती आहेत, आणि माझ्या मुक्त राहण्यापेक्षा माझ्या हालअपेष्टांनीच माझं कार्य वाढावं अशी ईश्वरी इच्छा असेल, असं ते. काखेत कागदांचा गठ्ठा, वर पावसाने भिजलेला गाऊन. मागून सीनियर म्हणाले, वाचून झालं असेल तर आत चला, आपली मॅटर पुकारलीये. तेव्हा फक्त भारावलो होतो. खूप वर्षांनी लक्षात आलं की ज्या कोर्टात हे वाक्य बोलले त्याच कोर्टात आठ वर्षांनी जिंकून गेले, आणि त्याची काही पाटी मी तरी पाहिली नाही.

ओसरी
टाळ्या. यावर वेगळा लेख लिहा काका.

रानवाटा
दिवाणी_दावा, पुजाऱ्याचा दाखला मला माहीत नव्हता, धन्यवाद. पण तुम्ही भाषेबद्दल बोलताय, मी भूमिकेबद्दल. कुंपणाला लागून नांगर धरणं म्हणजेच कुंपण मान्य करणं नाही का? १९०५-०७ ला बहिष्काराची भाषा होती. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण. १९१६ ला त्यातला बहिष्कार कुठे गेला? साम्राज्यांतर्गत स्वराज्य, एवढंच.

तर्कटकाका
मग १९१८ च्या एप्रिलमध्ये विलायतेला निघालेल्या होमरूलच्या शिष्टमंडळाला कोलंबोत का अडवलं सरकारने? पासपोर्ट रद्द करून परत पाठवलं. त्याआधी १९१७ ला पंजाबात आणि दिल्लीत शिरायची बंदी घातली. मवाळांना कुणी बंदी घालतं? आणि जून १९१८ ला मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनच्या युद्धपरिषदेत टिळक बोलायला उठले, स्वराज्याचा विषय काढला, विलिंग्डनने थांबवलं, हे सरळ उठून बाहेर पडले.

जुनी_वही
युद्धाच्या मदतीवरून आठवलं. टिळकांनी गांधींना ५०,००० चा चेक पाठवला होता. म्हणणं असं की सरकारकडून हिंदी लोकांना सैन्यात अधिकाऱ्यांच्या जागा मिळतील असं वचन तुम्ही आणा, मी महाराष्ट्रातून ५००० माणसं भरती करून देतो, नाही दिली तर हे पैसे दंड म्हणून जप्त. गांधींनी चेक परत केला, मदत करायची तर सौदा म्हणून नको असं त्यांचं मत. दोघांतला फरक या एका चेकमध्ये आला बघा. आणि रानवाटा, ऑगस्ट १९१४ च्या पत्रकाकडे पण असंच बघायला हवं, ही मदत फुकट नव्हती.

मिसळकट
गुजराती माणूस सौदा नको म्हणतो आणि कोकणस्थ चेक फाडतो. जग उलटंपालटं झालं होतं युद्धात.

शमिता_जो
हाहा, हे वाक्य बाद व्हायच्या आत स्क्रीनशॉट घेतला.

चंदन_खोड
बऱ्याच उशिरा आलो, सगळं वाचलं. राजकारण तुम्ही बोललात, मला मंडालेचंच बोलायचंय कारण रानवाटांचा मूळ मुद्दा "एकांताने बदलले" हा आहे.

लाकडी फळ्यांची खोली, उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत वारा. रांधायला एक मराठी कैदीच दिलेला, कुलकर्णी आडनावाचे. पुस्तकं मागवून घेतलेली, शेकड्यांनी. शाई-टाक नाही, पेन्सिल. त्यातही शिसं सुटं नको, वह्या बांधलेल्या आणि पानं मोजलेली. अशा वह्यांत गीतारहस्य १९१०-११ च्या हिवाळ्यात चारेक महिन्यांत उतरलं. सोबत जर्मन, फ्रेंच, पाली शिकत होते, पन्नाशी उलटल्यावर. जून १९१२ मध्ये सत्यभामाबाई गेल्या, इकडे पुण्यात. बातमी तारेने कळली. तेव्हा लिहिलेल्या पत्रातसुद्धा मुलांच्या अभ्यासाची चौकशी आहे, त्यांनी अभ्यासाकडे दुर्लक्ष करू नये म्हणून.

सुटले तेव्हा वह्या सरकारने तपासायला ठेवून घेतल्या. परत येतील की नाही कुणालाच ठाऊक नव्हतं. टिळक म्हणाले, नाही दिल्या तर काय बिघडलं, डोक्यात आहे, सिंहगडावर जाऊन पुन्हा लिहून काढीन. आता तुम्ही सांगा रानवाटा, हा माणूस खचलेला आहे?

पण मला त्यात मवाळपणापेक्षा दुसरंच काहीतरी दिसतं. घाई संपलेली दिसते. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले गेले. त्याच्या थोडे दिवस आधीच दोघांत पत्रावरून चांगली जुंपली होती, काँग्रेसमध्ये परत घेण्यावरूनच. टिळक सिंहगडावर होते, बातमी कळल्यावर उतरून स्मशानात आले आणि तिथे बोलले, हा भारताचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न. १८८९-९० ला ज्याच्याशी भांडून सोसायटी सोडली त्याच्याविषयी. माझे आजोबा हे सांगताना नेहमी थांबायचे, पुढचं वाक्य यायला वेळ लागायचा. ते काही तिथे नव्हते, त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं.

निळाई
चंदन_खोड, छान लिहिलंत. घाई संपलेली हा शब्द पटला. मी माझा मुद्दा मागे घेत नाहीये हं, तो तसाच आहे.

चंदन_खोड
मागे घेऊच नका. १९२० च्या जाहीरनाम्याबद्दल कुणी बोललं नाही पण, तो तुमच्या मुद्द्याला लागून आहे.

घाटमाथा
कुठला जाहीरनामा?

चंदन_खोड
एप्रिल १९२०, काँग्रेस डेमोक्रॅटिक पार्टी. जाण्याच्या तीन-साडेतीन महिने आधी काढलेला पक्ष. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार निवडणुका होणार होत्या, त्या लढवायच्या म्हणून. सुधारणा जाहीर झाल्या तेव्हा केसरीत लिहिलं होतं "उजाडले, पण सूर्य कोठे आहे?", आणि आता म्हणतात जे मिळालंय ते घ्या, वापरा, आणि पुढच्यासाठी भांडत रहा. त्याला त्यांनी प्रतियोगी सहकारिता म्हटलं, तुम्ही जितकं द्याल तितकं आम्ही सहकार्य करू. जाहीरनाम्यात भाषावार प्रांतरचना आहे. मजुरांना किमान वेतन आहे. "शिकवा, चळवळ करा, संघटित व्हा" अशी घोषणा आहे. धार्मिक सहिष्णुतेचं कलम आहे. निळाई, अस्पृश्यतेवर सही न करणारा माणूस आणि हा जाहीरनामा काढणारा माणूस यांच्यात फक्त दोन वर्षं आहेत, हे कसं जुळवायचं ते मला नीट जमलेलं नाही.

निळाई
मलाही नाही. कामगारांचा विषय मात्र जुना. १९०८ ला शिक्षा झाल्यावर मुंबईतल्या गिरणी कामगारांनी हरताळ पाडला तो कुणी पुण्याहून हुकूम दिला म्हणून नाही.

तर्कटकाका
सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप. लेनिनने सुद्धा दखल घेतली होती त्याची तेव्हाच, त्याच वर्षी.

मिसळकट
काका शेवटी लेनिनपर्यंत पोचले. धागा सार्थकी.

जुनी_वही
एक राहिलं. चिरोल प्रकरण. ज्या इंग्रजाने, व्हॅलेंटाइन चिरोलने, आपल्या पुस्तकात टिळकांना "हिंदी असंतोषाचे जनक" म्हटलं त्याच्यावर टिळकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, लंडनला जाऊन. आपण ती पदवी कौतुकाने मिरवतो, त्यांनी त्या पुस्तकाबद्दल कोर्टात खेचलं :) फेब्रुवारी १९१९ ला हरले, खर्चाचा बोजा लाखांत. त्यासाठी गेले म्हणून १९१८ च्या दिल्ली काँग्रेसचं अध्यक्षपद हुकलं, निवडून आलेलं असताना. एवढी मोठी कारकीर्द आणि काँग्रेसचे अध्यक्ष एकदाही नाहीत. पण लंडनमध्ये वर्षभर राहिले ते वाया घालवलं नाही, मजूर पक्षाच्या लोकांशी संबंध जोडले, कारण त्यांचा हिशेब होता की उद्या राज्य यांच्या हातात येणार.

दिवाणी_दावा
आणि तो हिशेब बरोबर निघाला, १९४७ ला सरकार मजूर पक्षाचंच होतं. चिरोलचा खटला मात्र वकील म्हणून सांगतो, लावायला नको होता. परक्या देशात, परक्या ज्युरीपुढे, दोन शिक्षा पाठीवर असताना अब्रूचा दावा! इथे त्यांचा अंदाज साफ चुकला.

ओसरी
माझ्या आजीच्या माहेरी सांगायचे, तिचे वडील ३१ जुलै १९२० ला मुंबईत होते नोकरीनिमित्त. सरदारगृहाबाहेर रात्रभर माणसं उभी. मध्यरात्रीनंतर गेल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशी चौपाटीपर्यंत पावसात. ते म्हणायचे छत्री होती पण उघडता येत नव्हती, इतकी खेटून माणसं. गांधींनीही खांदा दिला. घरी आले तेव्हा एका पायात वहाण नव्हती, कुठे गेली कळलंच नाही.

शमिता_जो
ओसरी, हे वाचून थांबले जरा.

रानवाटा
सगळ्यांचे आभार. मवाळ हा शब्द मागे घेतो, दिवाणी_दावांच्या पुजाऱ्याने आणि त्या ५०,००० च्या चेकने मला गाठलं. पण एक खुंटी सोडत नाही: त्याच १ ऑगस्टला गांधींचं असहकार सुरू झालं, आणि कौन्सिलांवर बहिष्कार हा त्याचा मोठा भाग. टिळकांचा पक्ष त्याच कौन्सिलांत जायला निघाला होता. जगले असते तर सप्टेंबरच्या कलकत्त्याच्या अधिवेशनात कुठल्या बाजूला हात वर केला असता?

तर्कटकाका
गांधींच्या विरुद्ध. डोळे मिटून सांगतो.

चंदन_खोड
लोक तुमच्यामागे आले तर मी आड येणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी गांधींना सांगितलं होतं म्हणतात. आणि लोक तर आले.

दिवाणी_दावा
विरुद्ध मत दिलं असतं आणि ठराव झाल्यावर पाळला असता. यावर वेगळा धागा काढा, हा लोड व्हायला वेळ लागतोय.

घाटमाथा
भाच्याच्या भाषणाचं काय झालं ते सांगा आधी.

रानवाटा
त्याला साठीची थैली आणि नोटीस एकाच दिवशी आली ती गोष्ट सांगितली. ती आवडली, घातली. त्यासाठी "संत" काढला. टरफलं काढायला तयार नाही, म्हणतो तिथे बाई हसतात.